भाऊसाहेबांनी न लावलेला कौल

आमच्या बेळंबीच्या ग्रामपंचायतीत कमलाकर गुरव ग्रामसेवक म्हणून हजर झाले, त्या दिवशी त्यांच्या कपाळावर भस्माचे तीन आडवे पट्टे होते. सरकारनं आता त्या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी केलं आहे, पण गावाला त्याचं सोयरसुतक नाही. गाव आधीच्या सगळ्यांना भाऊसाहेब म्हणत आलं, यांनाही भाऊसाहेबच म्हणतं, आणि मीही तेच म्हणते. मी धम्मप्रिया, इथल्या जिल्हा परिषद शाळेची मुख्याध्यापिका. मुख्याध्यापिका म्हणजे शिकवायचं, खिचडीवर लक्ष ठेवायचं, वर गळक्या छपरासाठी अर्ज करत राहायचं. माझा स्वभाव तापट आहे. हे माझ्या माहेरी, सासरी आणि शिक्षण खात्यात सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा इथं लपवून उपयोग नाही.

आम्ही दोघंही सोलापुरात राहतो आणि होटगी रस्त्यावरून एकाच वडापनं गावाला येतो. जीपमध्ये दहाजण बसायच्या जागेत पंधराजण कोंबलेले असताना माणूस आपोआप मोकळं बोलायला लागतो. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "भाऊसाहेब, हे भस्म लावून ऑफिसात बसणार का तुम्ही?"

"बसणार की," ते म्हणाले. "भस्म कपाळाला आहे बाई. सही हातानं करतो."

बोलायला चतुर दिसतोय गडी, असं मी मनात म्हटलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. चतुर बोलणारे मी पुष्कळ पाहिलेत. शिक्षण खात्यात तर त्यांचं पीकच येतं.

पण हा माणूस बोलला तसा वागत होता. सोलापूरच्या एका पेठेत महादेवाचं लहानसं देऊळ आहे, तिथं त्यांच्या घराण्याची पूजेची पाळी असते. पाळीच्या दिवसांत ते पहाटे उठून पिंडी धुणार, बेल वाहणार, घंटा वाजवणार आणि मग डबा घेऊन वडापला उभे राहणार. महाशिवरात्रीला त्यांच्या बायकोनं, लीलावहिनींनी, मला आग्रहानं बोलावलं म्हणून मी गेले होते. मी काही हात जोडत नाही, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी मला ओट्यावर बसवून ताक दिलं आणि तो विषयच काढला नाही. भाऊसाहेब सोवळं नेसून, अनवाणी, येणाऱ्या प्रत्येकाच्या ओंजळीत बेलाची पानं देत होते. तेवढ्यात आमच्या गावचे सरपंच महेश्वर अण्णा दर्शनाला आले. दर्शन झालं आणि गाभाऱ्याच्या दारातच अण्णांनी एका जागेच्या उताऱ्याचं काढलं. भाऊसाहेब त्यांच्या हातावर तीर्थ देत शांतपणे म्हणाले, "अण्णा, ते उद्या ऑफिसात. हितं मी गुरव आहे." अण्णांना राग आलाच असणार, पण तोंडात तीर्थ होतं.

दसऱ्याचीही अशीच गंमत. खंडेनवमीला ग्रामपंचायतीत हत्यारांबरोबर कपाटाची आणि संगणकाची पूजा करायची इथं जुनी पद्धत होती. हळदकुंकू वाहायचं, कपाटाच्या दोन्ही दारांवरून झेंडूचा हार टाकायचा, आणि देवाचा हार तोडू नये म्हणून हार वाळेपर्यंत कपाट उघडायचं नाही. म्हणजे ऐन दसऱ्यात ज्याला दाखला हवा त्यानं हार वाळायची वाट बघायची. भाऊसाहेब पूजेच्या आधी काही बोलले नाहीत. पूजा करणारे घरी गेल्यावर त्यांनी तो हार हलक्या हातानं उतरवला, ताटात ठेवून स्वतः भैरोबाच्या देवळात नेऊन वाहिला, परत आले आणि कपाट उघडून बसले. कुणाला तक्रारही करता येईना, कारण हार तर देवालाच गेला होता.

आता महेश्वर अण्णांबद्दल सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला ते वाईट वाटायचे. अण्णा वाईट नाहीत. दुष्काळात त्यांनी स्वतःच्या ट्रॅक्टरनं गावाला टँकर ओढलेत. फक्त त्यांच्या अंगावर दोन झुली होत्या. ते गावचे सरपंच होते आणि भैरोबा देवस्थान समितीचे अध्यक्षही होते, आणि कुठली कधी काढायची हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. गावाची ग्रामसभा भैरोबाच्या सभामंडपात भरायची. सभा सुरू होताना आरती, संपताना प्रसाद. देवासमोर माणूस खोटं बोलत नाही, असं अण्णांचं म्हणणं.

मला त्या सभेची चीड यायची. मंडपात पुढं पुढारी, मागच्या खांबाआड चार बायका. माळावरच्या वस्तीतली आमची बौद्ध माणसं आणि मुलाण्यांची घरं बाहेर पायऱ्यांवर उभी. त्यांना कुणी अडवत नव्हतं, हे खरं आहे. आत या असंही कुणी म्हणत नव्हतं. ज्या बाईची पाळी आली असेल ती देवळात यायची नाही, ज्या घरात सुतक असेल तिथलं कुणीच यायचं नाही. आणि ठरावाला विरोध? भैरोबाच्या डोळ्यांदेखत अण्णांना विरोध करायचा म्हणजे विरोध कुणाला झाला, हेच कळायचं नाही. त्यामुळे बेळंबीच्या ग्रामसभेत सगळे ठराव एकमतानं मंजूर व्हायचे. तालुक्यात आमच्या गावाचं या एकीबद्दल कौतुक होतं.

आणि जिथं अण्णांनाही ठरवता येत नसे, तिथं कौल लावायचे. भैरोबाच्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि थांबायचं. उजवी आधी पडली तर एक, डावी पडली तर दुसरं. पाकळी लावायचा मान फक्त गुरवाचा. गावचा म्हातारा गुरव दोन वर्षांपूर्वी वारला, त्याचा मुलगा पुण्याला कंपनीत लागला, आणि तेव्हापासून भैरोबा गप्प होता.

गेल्या वर्षी गावाला सरकारकडून पिण्याच्या पाण्याचा एक बोअर आणि टाकी मंजूर झाली. पाणी बघणाऱ्या साहेबांनी दोन जागी पाणी आहे असं सांगितलं. एक जागा भैरोबाच्या देवळामागं, दुसरी माळावर, वस्तीच्या तोंडाशी. दोन्हीपैकी कुठली, ते गावानं ग्रामसभेत ठरवायचं होतं. देवळापाशी आधीच एक विहीर आहे आणि गावठाणात नळ आहेत. वस्तीत काहीच नाही. मनकर्णाबाईचं घर वस्तीच्या अगदी कडेला. दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणारी बाई, नवरा नाही, सून बाळंतीण. तिनं दिवसातून किती खेपा घातल्या ते मी मोजलं नाही, पण सकाळी शाळा भरताना ती हंडा घेऊन जाताना दिसायची आणि दुपारच्या सुट्टीतही जातानाच दिसायची. तिच्या नातीला मी पहिलीत शिकवते. त्या पोरीला पाण्याचं चित्र काढ म्हटलं तर ती हंडे काढायची.

अण्णांना बोअर देवळामागं हवा होता. चैत्रात यात्रा भरते, हजारो लोक येतात, त्यांना पाणी पाजण्याचं पुण्य. वस्तीला नळ नंतर देऊ, असं ते म्हणत. हे नंतर आम्ही बऱ्याच वर्षांपासून ऐकत होतो. पण या वेळी वस्तीनंही आवाज काढला आणि पायऱ्यांवरून गलका झाला. तेव्हा अण्णांनी आपला नेहमीचा तोडगा काढला. भैरोबालाच विचारू. कौल लावू. आणि कौल लावायला आता गावात गुरव आहे की, सरकारनंच पाठवलाय.

ते हे सांगायला ग्रामपंचायतीत आले तेव्हा मी तिथं शाळेच्या छपराच्या अर्जावर शिक्का घ्यायला बसले होते, म्हणून सगळं माझ्या कानावर आलं.

"भाऊसाहेब, सव्वीस जानेवारीला ग्रामसभा. देवळात. तुमी अंगोळ करून, सोवळं घिऊन या. कौल तुमी लावायचा."

"अण्णा, गुरव म्हणून बोलवायचं असेल तर रविवारी बोलवा," भाऊसाहेब म्हणाले. "सोवळ्यात येईन. म्हशीचं दुखणं, पोराचं लग्न, काय विचारायचं ते देवाला विचारा. पण बोअर सरकारचा आहे. त्याचं देवाला विचारायचं नाही."

"मग ग्रामसेवक म्हणून या."

"ग्रामसेवक म्हणून सभेला देवळात येणार नाही. सभा शाळेच्या पटांगणात घेऊ."

अण्णा दुखावल्यासारखे म्हणाले, "गुरवाचं पोर असून असं बोलता? देवासमोर मानूस खोटं बोलत न्हाय, भाऊसाहेब."

"खरंही बोलत नाही, अण्णा. गप्प बसतो."

मला टाळी द्यावीशी वाटली. शिक्का मारून झाला होता तरी मी बसून राहिले. बाहेर पडताना म्हटलं, "पटांगण झाडून ठेवते." ते हसले आणि म्हणाले, "बाई, आधी तसं पत्र द्या. सरकारी काम आहे." असा माणूस. कौतुक करायला जावं तर पत्र मागतो.

गावात बोंब झाली. गुरव नास्तिक निघाला, अशी. हॉटेलवाल्यानं त्यांना चहा देणं बंद केलं. भाऊसाहेब थर्मास आणायला लागले. कुणीतरी सोलापुरात त्यांच्या चुलत्यांच्या कानावर घातलं की तुमचा पुतण्या देवाला मानत नाही, तेव्हा चुलत्यांनी सांगणाऱ्यालाच विचारलं, "काल शेजारती कुणी केली?" कारण आदल्या रात्रीची शेजारती या पुतण्यानंच केली होती. ती तक्रार तिथंच मिटली.

माझी मात्र खात्री झाली होती की आता सगळं ठीक होणार. वस्ती, मुलाणी, खांबामागच्या बायका, सुतकातली घरं, सगळी पटांगणात येतील आणि बोअर माळावर जाईल. मी तर मनात नळही जोडून टाकला होता.

सभेच्या आदल्या संध्याकाळी भाऊसाहेब पटांगण बघायला शाळेत आले. आम्ही ओसरीवर बोलत होतो, तेवढ्यात मनकर्णाबाई आली. हंडा फाटकाशी ठेवला आणि पायरीवर बसली. तिला आत बस म्हटलं तर नको म्हणाली.

"भाऊसायेब, एक बोलू का? रागावू नगा."

"बोला की मावशी."

"तुमी कौलच लावा."

मी उडालेच. "मनकर्णाबाई, तू हे बोलतीस? तुझ्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे."

"हाय की बाई. माझा न्हाय भैरोबावर इश्वास. गावाचा हाय न्हवं." मग ती भाऊसाहेबांकडं वळली. "उद्या हात वर करायचं म्हनत्यात. आमची घरं किती, अन् गावाची किती? आमी हारनार. पर कौल पडला तर अण्णाबी काय बोलायचं न्हाईत. म्हातारा गुरव काय करायचा, आमाला ठावं हाय. ज्या बाजूची पाडायची ती पाकळी जरा कोरडी लावायचा. तुमी गुरवाच्या घरातलं. तुमाला येतच आसंल."

भाऊसाहेब फाटकाशी ठेवलेल्या हंड्याकडं बघत होते. अंधार पडायला आला होता आणि कुठंतरी म्हशी घराकडं वळत होत्या. मला अचानक वाटलं, बाई बरोबर बोलतेय. काय हरकत आहे? आयुष्यभर तिच्याविरुद्ध वापरलं गेलेलं शस्त्र एकदा तिच्या कामी आलं तर कुणाचं काय बिघडतं? मी तसं बोललेही. "लावा हो भाऊसाहेब. एक पाकळी. तुम्हाला येतं ना?"

"येतं," ते म्हणाले. "आजोबांनी शिकवलंय. माझ्या हातून हवी तीच पाकळी पडेल."

"मग?"

"मग, मावशी, उद्या माझ्या हातानं पाणी मिळेल. पुढच्या साली माझी बदली होईल, म्हाताऱ्याचा पोरगा पुण्याहून परत येईल, आणि तो अण्णांच्या बाजूची पाकळी कोरडी लावेल. तेव्हा तुमी कुठं जाणार? अण्णांच्या वर पंचायत समिती आहे, समितीच्या वर जिल्हा परिषद आहे, त्याच्या वर कोर्ट आहे. भैरोबाच्या वर कोण आहे? देवाच्या निकालावर अपील नसतं."

भाऊसाहेब जरा अडखळत पुढं म्हणाले, "आणि दुसरं... तुमचा इश्वास नाही, पण माझा आहे, मावशी. देवाच्या खांद्यावरून खोटं पाडायचं आणि घरी जाऊन त्याच हातानं महादेवाला बेल वाहायचा, ते मला जमणार नाही. देवाला यात ओढू नका. त्याच्यावर आळ येईल."

ती उठली. हंडा उचलताना एवढंच म्हणाली, "तुमचा देव तुमी जपला, भाऊसायेब. आमचं पानी गेलं." आणि निघून गेली. भाऊसाहेब पांढरे पडले होते. मी त्यांच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वडापमध्येही बोलले नाही, मुद्दाम मागच्या बाकावर बसले. बघा ना, ज्या बाईचा देवावर विश्वास नाही ती कौल मागत होती आणि ज्याचा आहे तो नाही म्हणत होता, आणि दोघांच्या मध्ये मी तोंड फुगवून बसले होते.

झेंडावंदन झाल्यावर पटांगणात सभा भरली. इतकी माणसं बेळंबीच्या ग्रामसभेला कधी आली नव्हती. वस्ती सतरंजीवर पुढंच बसली, कारण मीच त्यांना पुढं बसवलं. मुलाणी आले. अण्णांच्या भावकीतली रत्नम्मा आली, ती माझ्या कानात म्हणाली, "बाई, मी सभेला पैल्यांदाच आले बघा. देवळात असली की माझी नेमकी अडचण असायची." अण्णाही आले. त्यांनी आरती नाही म्हणून चपला काढल्या नाहीत, मग कसंसंच वाटून काढल्या.

भाऊसाहेबांनी दोन्ही जागा वाचून दाखवल्या. बोलायचं त्यांना बोलायला दिलं. अण्णा यात्रेबद्दल बोलले, मनापासून बोलले. वस्तीतर्फे मनकर्णाबाई उठली, पण तिला दोन वाक्यांपुढं सुचेना. "पानी लांब हाय. सून बाळंतीन हाय," म्हणाली आणि बसली. मग हात वर करायचं झालं.

माळासाठी वस्तीचे हात गेले, मुलाण्यांचे गेले, गावठाणातलेही काही गेले. रत्नम्माचाही गेला, अण्णांकडं न बघता. मी मनातल्या मनात हात मोजत होते. मग देवळामागच्या जागेसाठी अण्णांनी हात वर केला आणि त्यांच्यामागं पटांगण भरून हात वर झाले. मोजायचीसुद्धा गरज नव्हती, तरी भाऊसाहेबांनी मोजले.

आम्ही हरलो. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं राहिलं. मला इतका संताप आला की भाऊसाहेबांच्या हातातलं पेन ओढून घ्यावं असं वाटलं. एका कोरड्या पाकळीनं जे झालं असतं, ते या माणसाच्या तत्त्वापायी बुडालं. वस्तीतल्या बायका पदर सावरत उठायला लागल्या.

"थांबा," भाऊसाहेब म्हणाले. "सभा संपलेली नाही. ठराव झाला. आता कुणाला हा ठराव मान्य नसेल तर त्यानं उभं राहून सांगायचं. मी लिहून घेणार."

अण्णा म्हणाले, "आता काय सांगायचं ऱ्हायलंय? गावानं ठरवलं की."

"गावानं ठरवलं, ते लिहिलं. ज्याला मान्य नाही तोही गावातलाच आहे, अण्णा. त्याचंही लिहायचं."

पटांगणात सगळे एकमेकांकडं बघायला लागले. असं काही असतं, हे कुणाला माहीतच नव्हतं. देवळात कधी कुणी विचारलंच नव्हतं. मनकर्णाबाई अर्धी उठलेली होती, ती पूर्ण उभी राहिली. तिचा आवाज कापत होता, पण तो रागानं कापत होता.

"मला मान्य न्हाय," ती म्हणाली. "लिवा."

"कारण सांगा."

"देवळापाशी हीर हाय. गावात नळ हायती. आमच्याकडं काय बी न्हाय. जत्रा वर्सातनं एकदा येती, तहान रोज लागती. लिवा."

भाऊसाहेब लिहीत होते आणि ती बोलत होती. मघाशी दोन वाक्यांत आटलेली बाई आता थांबेना. बोलणं संपल्यावर त्यांनी सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं, जशी ती बोलली तसं, तहान रोज लागते इथपर्यंत. तिचं म्हणणं सरकारी कागदावरून ऐकताना वस्तीतली माणसं ताठ होत गेली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग एक मुलाणी उठला. मग रत्नम्मा उठली. बेळंबीच्या ग्रामसभेत पहिल्यांदाच एक ठराव एकमतानं झाला नाही.

तिथून पुढचं काम रांगत झालं, सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात तसं. मनकर्णाबाईचा अपिलाचा अर्ज मी लिहिला, अंगठा तिचा. भाऊसाहेबांनी त्यात एक शब्द घातला नाही. ठराव आणि विरोध यांची नक्कल मात्र मागितल्या दिवशी दिली. पंचायत समितीतून एक साहेब आले. जीपमधून उतरून देवळाकडं निघाले, तर मनकर्णाबाई रस्त्यात हंडा घेऊन उभी. म्हणाली, "सायेब, आदी माज्यासंगं हिरीपातूर चला. मग काय लिवायचं ते लिवा." ते साहेब तरणे होते, बूट चकचकीत. उन्हात तिच्याबरोबर विहिरीपर्यंत गेले आणि भरलेला हंडा घेऊन ती परतली तेव्हा तिच्या मागोमाग वस्तीपर्यंत आले. वाटेत त्यांनी एकदा हंडा घ्यायला हात पुढं केला. तिनं दिला नाही. वस्तीत पोचल्यावर साहेबांनी पाणी मागितलं, आणि प्यायच्या आधी एवढ्या लांबून आलेल्या त्या तांब्याभर पाण्याकडं बघत राहिले.

बोअर माळावर मंजूर झाला. एप्रिलात मशीन आलं, पांढरी माती उडाली, मग चिखल आणि मग पाणी. वस्तीतल्या पोरांनी अंगं भिजवून घेतली. मनकर्णाबाईनं बुद्धवंदना म्हटली, बाजूच्या घरातल्या मुलाण्यानं फातेहा वाचला, गावातून दोघं नारळ घेऊन आले. भाऊसाहेब लांब उभे होते. मी त्यांना म्हटलं, "आता तरी जवळ या." ते म्हणाले, "ऑफिसची वेळ आहे बाई." मी त्यांच्याशी सभेनंतर बरेच दिवस नीट बोलले नव्हते. त्या दिवशी परतताना वडापमध्ये मी पुढच्या बाकावर बसले. काही बोलायचं सुचेना, म्हणून घरून आणलेले शेंगदाण्याचे लाडू त्यांच्यापुढं केले. शेंगाचटणीसाठी नावाजलेल्या सोलापुरात राहून मला लाडूच सुचले. त्यांनी दोन खाल्ले.

खरं सांगायचं तर या माणसाचा मला अभिमान वाटतो. देव मानणारे खूप भेटतात आणि कायदा मानणारेही भेटतात. देवाला आणि कायद्याला एकमेकांच्या घरात घुसू न देणारा माणूस मी हा एकच पाहिला, आणि तो रोज माझ्या शेजारी पाय आखडून बसतो.

एक मेला पुन्हा ग्रामसभा. पटांगणातच. शेवटच्या विषयाला अण्णा उठले. मी म्हटलं ना, अण्णा वाईट माणूस नाही. ते म्हणाले, गावात जे झालं ते झालं, पाणी चांगलं लागलं, भैरोबाच्याच कृपेनं भाऊसाहेबांना बुद्धी सुचली, तर गावातर्फे भैरोबाच्या देवळात भाऊसाहेबांना देवाचा फेटा बांधून सत्कार करायचा, असा ठराव मी मांडतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वस्तीनंही वाजवल्या. मीही वाजवल्या. भाऊसाहेबांचं पेन मात्र हातात तसंच राहिलं. नाही म्हणावं तर गावाचा अपमान, हो म्हणावं तर आतापर्यंत केलं त्यावर पाणी.

तेवढ्यात पुढच्या सतरंजीवरून आवाज आला. "मला मान्य न्हाय."

मनकर्णाबाई उभी होती. या वेळी तिचा आवाज कापत नव्हता.

अण्णा चकित झाले. "अगं, तुज्याच पान्यासाठी त्यांनी एवढं केलं."

"व्हय. म्हनूनच मान्य न्हाय. फेटा बांधला म्हंजी उपकार झाला. उद्याच्या भाऊसायबाला बी वाटंल, वस्तीला पानी देनं म्हंजी उपकार करनं. उपकार न्हाय त्यो. पानी आमच्या हक्काचं हुतं, त्यांनी त्यांचं काम केलं. त्यान्ला भैरोबाला जायचं आसंल तर रैवारी जातील त्यांचं ते." मग ती भाऊसाहेबांकडं वळली आणि बोट कागदाकडं करत म्हणाली, "लिवा."

भाऊसाहेब खाली वाकून लिहायला लागले. मी त्यांच्या शेजारीच बसले होते, आणि त्यांचे डोळे भरून आलेले मला दिसले. लिहून झाल्यावर त्यांनी स्वतःच्याच सत्काराला झालेला तो विरोध शब्द न् शब्द गावाला वाचून दाखवला.

"बरोबर लिहिलं का, मावशी?"

"व्हय, बराबर हाय," ती म्हणाली आणि खाली बसली.